सोमा हिलमचा झीरो टर्न

कोलाडच्या अलीकडे, कुंडलिका नदीच्या काठाला एक मोठं मैदान आहे. तिथे लग्नं होतात, कंपन्यांच्या सहली येतात, हिवाळ्यात क्रिकेटचे सामने भरतात. सोमा हिलम तिथे कामाला लागला तेव्हा ते मैदान नव्हतंच, नुसता खडकाळ माळ होता. दगड वेचण्यापासून त्यानं काम केलं. हिरवळ लावली, जगवली आणि हातमशीन ढकलत वर्षानुवर्षं कापली. सोमाची वाडी कातकऱ्यांची. मैदानापासून चालत येण्याएवढी जवळ. वाडीतली माणसं मिळेल त्या मजुरीला जायची. सोमाला मात्र एकच काम माहीत होतं आणि त्याला ते आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी रोह्याहून बाजार करून येताना वळणावर एका टेम्पोनं त्याच्या दुचाकीला उडवलं. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पुढे जयपूर पाय बसला, सोमा चालायला लागला, पण दिवसभर मशीनमागे चालणं काही जमेना. संध्याकाळपर्यंत उरलेल्या पायाचं टोक सोलून निघायचं.

मैदानाचा कारभार वैशाली म्हात्रे बघतात. त्या पेणच्या, रोज स्कूटरनं ये-जा करतात. त्यांनी सोमाला घरी बसू दिलं नाही, फाटकावर नेमलं. गाडी आली की आडवा बांबू वर करायचा, गेली की खाली. पगार चालू राहिला. सोमाची बायको बायजा आधीपासूनच तिथे कामाला होती, आता हिरवळीचं सगळं तिच्या आणि आणखी चार बायकांच्या अंगावर आलं.

बायजा घरी गेल्यावर विचारायची, "त्या कोपऱ्यात गवत पिवळं पडतंय. काय करू?"

"मना काय इचारतेस? मी फाटकावरचा."

"असा काय बोलतोस रं?"

"मग कसा बोलू? गाडीवाला हॉर्न वाजवतो, मी बांबू उचलतो. तेवढाच काम हाय."

तो खुर्चीही मैदानाकडे पाठ करून ठेवायचा. बायजानं ते पाहिलं होतं.

गेल्या पावसाळ्यात मैदानाच्या मालकानं, मितेशशेठनं, शेजारची जागाही भाड्यानं घेतली. हिरवळ दुपटीनं वाढली. श्रावणात तर एका बाजूनं कापत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या बाजूचं गवत पुन्हा घोट्यापर्यंत यायचं. शेवटी मितेशशेठनं पनवेलहून फोनवर सांगितलं, "बसून चालवायचं मशीन घ्या. हॉटेलवाले वापरतात ते, झीरो टर्न. कुठलं घ्यायचं ते बघून मला सांगा."

पेणचा एक दुकानदार दोन मशीनं दाखवायला तयार झाला. त्याचा माणूस रितेश सकाळी येणार होता, तो दुपारी आला. हमरापूरचे गणपती भरलेले टेम्पो रस्त्यावर आले होते आणि पेणपासून सगळं तुंबलं होतं.

रितेशनं फळ्या लावून दोन्ही मशीनं खाली उतरवली. दोन्हींना स्टिअरिंग नव्हतं. बसणाऱ्याच्या मांडीसमोर दोन दांडे, प्रत्येक दांडा मागच्या एकेका चाकाचा. दोन्ही पुढे ढकलले की मशीन पुढे जातं. एक पुढे आणि एक मागे केला की ते जागच्या जागी गिरकी घेतं. पुढची चाकं ढकलगाडीच्या चाकांसारखी मोकळी, जिकडे नेऊ तिकडे वळणारी.

"बंगल्यातलं मशीन आणि हे यात फरक काय?" वैशालीताईंनी विचारलं.

"बंगल्यातलं दोन तास चाललं की तापतं, ताई. हे दिवसभर चालतं. पात्यांचा डबा जाड पत्र्याचा आहे, दगड लागला तरी फाटत नाही. माणूस सीटवरून उठला तर पाती आपोआप बंद होतात."

"पट्टा तुटला तर?"

"पेणला मिळेल. ऐन पावसात दोन दिवस धरा."

"मग एक जास्तीचा आत्ताच द्या," ताई म्हणाल्या.

मोठं मशीन रुंद होतं, एका फेरीत जास्त गवत कापणारं. दुसरं त्याहून हातभर अरुंद. चालवायला रोशन पुढे झाला. हा वाडीतलाच, तिशीतला, ट्रॅक्टर चालवता येणारा. नवं मशीन आपल्याकडेच येणार असं त्यानं गृहीत धरलं होतं. त्यानं दांडे ट्रॅक्टरच्या गिअरसारखे जोरात ढकलले, मशीन दोनदा स्वतःभोवती फिरलं आणि हिरवळीत काळं वर्तुळ उमटलं. बायका हसल्या. रोशनही हसला. तिसऱ्या फेरीला मात्र त्याला जमलं.

बायजा तेवढ्यात मशीनजवळ येऊन वाकून बघत होती.

"पायानं काय दाबायचं नाय का ह्याला?"

"चालवायला नाही," रितेश म्हणाला. "सगळं हातात."

बायजा वैशालीताईंकडे वळली. "ताई, आमच्या माणसाला एकदा बसू द्या."

ताई लगेच हो म्हणाल्या नाहीत. खाली पाती फिरणारं मशीन, काही झालं तर जबाबदारी त्यांची. त्यांनी रितेशला बाजूला घेऊन विचारलं. पाती बंद ठेवून बसवायला हरकत नाही, असं तो म्हणाला. मग त्या स्वतः फाटकावर गेल्या.

"सोमादादा, जरा या. मशीन बघायचंय."

"रोशन बघतोय ना."

"तुम्हीही बघा. हिरवळ तुमच्या हातची आहे."

सोमा आला. आधी मोठ्या मशीनवर बसला. चढताना बायजानं हात पुढे केला, तो त्यानं घेतला नाही. दांडे त्यानं हळू ढकलले, दोन बोटांनी ढकलावेत तसे. मशीन सरळ रेषेत गेलं, नारळाच्या झाडाशी वळलं, परत आलं. मांडवाजवळच्या उतारावर त्यानं ते थांबवलं आणि ब्रेकची पट्टी दाबली. ती डाव्या पायाला होती. पाय पट्टीवर नीट टेकला की नाही, ते त्याला कळलं नाही. तो उतरला आणि मशीन आपलं आपण सावकाश निघालं. रितेश धावला, पण ते लग्नाच्या खुर्च्यांच्या थप्पीला जाऊन धडकलं. लागलं कोणालाच नाही. चार खुर्च्या मोडल्या.

"झाला?" सोमा बायजाला म्हणाला. "बघितला ना?" आणि फाटकाकडे चालू लागला.

"दादा, थांबा," वैशालीताई म्हणाल्या. "दुसरं राहिलंय."

"नको ताई. रोशनला द्या. तो चांगला चालवतो."

"ते मी ठरवीन. तुम्ही बसून तर बघा."

रितेशनं दुसऱ्या मशीनचे दांडे बाहेरच्या बाजूला उघडून दाखवले. "ह्याला पायाची पट्टीच नाही. दांडे असे बाहेर केले की ब्रेक लागतो. तुम्ही विसरून तसेच उतरलात तर मशीन बंद पडतं."

सोमानं एक दांडा स्वतः आत-बाहेर करून पाहिला. मग बसला. त्याच उतारावर त्यानं ते नेलं, दांडे बाहेर केले, उतरला आणि मशीनला खांद्यानं रेटा देऊन पाहिला. ते हललं नाही. पुन्हा बसून त्यानं नारळांच्या ओळीतून एक फेरी मारली. मग पाती चालू करायला सांगितली आणि शेजारच्या जागेवरचं वाढलेलं गवत कापत गेला. कापलेला पट्टा बघायला तो मध्येच थांबला. "पाती जरा वर घ्या," तो रितेशला म्हणाला. "मुळाशी लागतायत."

संध्याकाळी शेठचा फोन आला. "मोठं घ्या ना. काम लवकर होईल."

"मोठं नारळांमधून जात नाही," वैशालीताई म्हणाल्या. "आणि ते सोमादादांना चालवता येणार नाही."

"रोशन आहे की."

"रोशन धरणाचं पाणी सुटलं की राफ्टिंगच्या कामाला नदीवर असतो. मला रोज हजर असणारा माणूस हवाय."

"माणूस बघून मशीन घेतात का कधी?"

"बसणार माणूसच आहे ना त्याच्यावर?"

शेठ म्हणाला, "दिवाळीनंतरच्या लग्नांना मैदान खराब दिसलं तर मी तुम्हाला विचारीन."

"विचारा," ताई म्हणाल्या.

अरुंद मशीन आलं. रोशन काही दिवस सोमाशी धड बोलत नव्हता. पण पाती काढून धार लावायची तर खाली वाकावं लागतं, गुडघ्यावर बसावं लागतं, ते सोमाला जमत नाही. ते काम रोशनकडे गेलं आणि ते करता करता दोघं पुन्हा बोलायला लागले.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. पहिल्या महिन्यात सोमानं वळणावळणावर हिरवळ उकरली. बायजा मागून गवताचे तुकडे लावत फिरायची आणि त्याला बोलायची. एकदा रितेशनं बजावलं असतानाही तो नदीकडच्या ओल्या उतारावर मशीन घेऊन गेला. चाकं घसरली, मशीन आडवं सरकत जांभळाच्या बुंध्याला अडकलं. ताईंनी त्याला आठवडाभर पुन्हा फाटकावर बसवलं. सोमानं वाद घातला नाही. तेव्हापासून तो उतार बायकांकडे आहे, त्या तिथे विळ्यानं कापतात.

दिवाळीनंतर लग्नं लागली. शेठ येऊन मैदान बघून गेला. पुढच्या पावसाळ्यात धाटावच्या एका कंपनीनं आपल्या वसाहतीचं मैदान कापायला विचारलं तेव्हा त्यानंच होकार कळवला.

आता आठवड्यातून एकदा मशीन टेम्पोत चढवून धाटावला जातं. पहिल्या दिवशी तिथल्या सुरक्षारक्षकानं टेम्पो थांबवला. सोमाच्या चालण्याकडे बघत त्यानं विचारलं, "ड्रायव्हर कुठाय मशीनचा?"

"मीच हाय," सोमा म्हणाला. "बायकांना पन आत घ्या. कडा त्या कापतात."

रक्षकानं वहीत सगळ्यांची नावं लिहून घेतली. बायजा पुढे होऊन दगड, बाटल्या वेचायला लागली. तिनं हात वर केल्यावर सोमानं पाती सुरू केली.