लोरीचं पत्रक

"मिरची चारा त्याले, दोन दिवसांत बोलते का नाई पाहा."

गेटजवळून कोणीतरी असं म्हणालं, आणि शेजारच्या काकूंनी आधीच निवडून ठेवलेली हिरवी मिरची पिंजऱ्याच्या तारांत खोचली. आत मुठीएवढा लोरी, पोपटाच्याच जातीतला पक्षी. अंग हिरवं, चोच केशरी. काकू निवृत्त झाल्या, घरात एकट्या, म्हणून त्यांच्या नागपूरच्या मुलीनं तो आणून दिला होता.

काकू देवळी गावात तीस वर्षं अंगणवाडीसेविका होत्या. अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील. रस्त्यात कुणाचं मूल दिसलं, की आधी त्याचा दंड चाचपतात, मग नाव विचारतात. "माह्या हातून कोनी उपाशी नाई गेलं," हे काकू नमस्कार केल्यासारखं म्हणायच्या. खोटं नव्हतं. लहानपणी मी तोंड मिटून बसायचे, तेव्हा मलाही त्यांनीच जेवायला लावलं, असं आई सांगते.

पिंजऱ्यासोबत इंग्रजीत छापलेलं पत्रक आलं होतं.

"तू कॉन्व्हेंटची. वाच बरं, काय म्हनते."

मी मनातल्या मनात वाचलं. हा पक्षी दाणे खात नाही. फुलांतला मध आणि फळांचा रस यांवर जगतो. दाण्यांवर ठेवला तर हळूहळू मरतो.

अंगणात पाच-सहा बायका होत्या. मी बोलले की त्या हसतात, "पुस्तक बोललं," म्हणतात. काकूंच्या हातात भिजवलेल्या चणाडाळीची वाटी तयार होती.

"स्वच्छ पाणी ठेवा म्हणतंय," मी म्हणाले. तेही पत्रकात होतंच.

लोरी डाळ चोचीत धरायचा आणि खाली टाकायचा. "नखरे करून राह्यला. नवीन लेकरं सारेच करते," काकू म्हणायच्या. मी पपईची फोड नेली. ती त्यानं जिभेनं चाटून चाटून पोखरली. मला हायसं वाटलं, आता सांगायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी काकूंनी उरलेली पपई परत आणून दिली.

"जेवनाआधी गोड नाई द्याचं, पोरी. मंग डाळीले तोंड लावत नाई. आन् पाहा, पातळ हगून राह्यला."

लोरी पातळच हगतो. हेही मी वाचलं होतं.

मग काकूंनी साखर-मिठाचं पाणी सुरू केलं. तो चमच्याला असा बिलगला, की त्यांचे डोळे भरून आले. "दवाई लागू पडली." त्या पाण्यावर तो आणखी नऊ दिवस जगला. रोज सकाळी काकू त्याला तळव्यावर तोलायच्या आणि परत पिंजऱ्यात ठेवायच्या. मी कुंपणाच्या अलीकडून बघायचे. रोज ठरवायचे, काकू एकट्या सापडल्या की सांगेन. त्या एकट्याच असायच्या.

लोरी गेल्यावर गल्लीतल्या सुना बाळ जेवत नाही म्हणून विचारायला यायच्या, तर काकू त्यांना दारातूनच परत पाठवायच्या. "मले काय समजते? डॉक्टरले इचारा."

आता त्या मुलीकडे असतात. जायच्या आदल्या दिवशी घराची किल्ली द्यायला आल्या, तेव्हा घरात मी एकटीच होते. किल्ली माझ्या हातावर ठेवून त्या तशाच उभ्या राहिल्या.

"माहं काय चुकलं असंन वं?"

"काही नाही" म्हणणं सोपं होतं. बहुधा त्यांना तेवढंच हवं होतं.

"तुमचं नाही, काकू," मी म्हणाले. "त्याला काय द्यायचं ते पत्रकात लिहिलं होतं. मी तुम्हाला ते वाचून दाखवलं नाही."