आईच्या गाण्याची एकुलती डिस्क

घशाच्या ऑपरेशननंतर आईचा आवाज कायमचा गेला. तेव्हापासून ती वहीत लिहून बोलते. मागच्या वर्षी एके दुपारी तिने लिहिलं, "माझं गाणं ऐकायचंय." डोंबिवलीच्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये पूजेला ती गायली होती. वरच्या मजल्यावरच्या काकांनी शूटिंग करून डिस्क दिलेली. तेव्हा कुणी ती लावूनही पाहिली नाही. आई रोज घरात गायचीच, डिस्क कशाला लावणार?

आमचा प्लेयर डिस्क आत घ्यायचा, घरघरायचा आणि 'नो डिस्क' दाखवायचा. लॅपटॉपला डिस्क घालायला जागाच नाही. कळव्याला मैत्रिणीकडे गेले, तिचा प्लेयर चांगला होता, तरी तेच. मग दिवा स्टेशनजवळ बहिणीकडे. तिथे नेमकं पाणी आलेलं, ती पिंप-बादल्या भरत होती नि मी टीव्हीसमोर बसून चष्म्याच्या फडक्याने डिस्क पुसत होते. घरी आले की आई माझ्या तोंडाकडे बघायची. मी मान हलवायचे. पुढे पुढे मला तिचा रागच यायला लागला, हे कबूल करायला हवं.

शेवटी कल्याणला एका रिपेअरिंगवाल्याने डिस्क उजेडात धरली. "ताई, डिस्क ठीक आहे. शूटिंग भरून झाल्यावर रेकॉर्डर मशीनमध्येच ती फायनलाइज करायची असते, म्हणजे मग दुसऱ्या प्लेयरवरही लागते. ते राहिलंय. आता जिच्यावर भरली त्या मशीनवरच चालेल."

काका विठ्ठलवाडीला राहायला गेलेले. फोन केला तर म्हणाले, "अगं, मशीन माळ्यावर आहे. ये की."

रविवारी गेले. सत्तरी ओलांडलेले काका स्टुलावर चढले, मी खालून स्टूल धरलं. ट्रे अडकलेला, तो त्यांनी चमच्याच्या दांड्याने अलगद ओढला. आणि आई गायला लागली. हिरव्या साडीत, डोळे मिटून. मागे कुणाचं तरी बाळ किरकिरत होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी नुसती भिंतीला टेकून बसले.

काकांनी डिस्क फायनलाइज करून बघितली, मशीनने एरर दिली. "जाऊ दे, फोनवर घे," ते म्हणाले. मी टीव्हीसमोर फोन धरून उभी राहिले. गाणं संपेपर्यंत हात भरून आला.

घरी आईने फोन कानाशी धरून ऐकलं. रडेल म्हणून मी शेजारीच बसलेले. तिने वही ओढली. "अंतऱ्यात सूर उतरलाय. तेव्हा कुणी सांगितलं कसं नाही?"

"आई, आम्हाला काय कळतं त्यातलं?"

तिने अंतरा पुन्हा लावला, मग पुन्हा, मांडीवर बोटांनी ताल धरत. मी कपडेही न बदलता तिच्याच पलंगाच्या कडेला आडवी झाले.