संपतचा शेवटचा प्रवेश

संपत गेल्याची बातमी मला रिसोडच्या स्टँडवर एसटीच्या कंडक्टरनं सांगितली, तीही तिकीट फाडता फाडता. "तुमचा पेंटर गेला ना, गुरुजी. कावीळ झालती." तोवर चार दिवस उलटून गेले होते. आता महिना होत आला, तरी माझी चिडचिड कमी होत नाही... सामन्यांच्या कमिटीवर, त्याच्यावर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर.

आम्ही शाळेत एका बाकावर होतो. मी मास्तर झालो, तो दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. उन्हाळ्यात आमच्या गावी कबड्डीचे सामने होत आणि माइकवर मी असे. एका वर्षी संपत म्हणाला, "नुसता खेळ पाह्यला का लोकं गुण ध्यानात ठेवतात. मधात गोष्ट टाकली तं मानसं ध्यानात राह्यतीन." गोष्ट साधीच होती. दोन गावं, मधे एक विहीर, पाण्यावरून भांडण. मैदानावरचा एकेक संघ म्हणजे एकेक गाव. डाव संपला की दोन मिनिटांचा प्रवेश, मग पुन्हा खेळ. कोण जिंकेल ते आधी कळायचं नाही, म्हणून प्रत्येक प्रवेश त्यानं दोन तऱ्हांनी बसवला. त्याच्या बौद्ध वस्तीतले सातआठ जण घेऊन महिनाभर तालीम केली, मांजरपाटावर विहीर रंगवली.

पहिल्या दिवशी प्रवेश सुरू झाला की लोक उठून चहाला जात. "खेळ लावा!" म्हणून ओरडत. संपत त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं एका खेळाडूलाच राजी केलं. शिट्टी वाजली तरी तो गडी मागं फिरला नाही. दम धरून, कबड्डी कबड्डी म्हणत तसाच विहिरीपर्यंत गेला आणि तिथं दम सोडून ओरडला, "पानी!" उठलेले लोक खाली बसले. मी माइक विसरून पाहत राहिलो.

अंतिम सामना झाला. शेवटचा प्रवेश तेवढा राहिला होता. कमिटीचे अध्यक्ष माझ्या कानाशी आले. "बक्षिसं लाव. पाव्हने खोळंबले. आन् शेवटी म्हने एका विहिरीवर सगळे, हे आपल्या गावात नको." संपतनं कापड अर्धं उलगडलं होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं... आणि मी पाहुण्यांचं नाव पुकारलं.

संध्याकाळी त्यानं विचारलं, "तू काहून बोलला?"

"कमिटीनं सांगतलं."

"माइक कमिटीच्या हातात होता काय?"

पुढच्या वर्षी त्याला कुणी बोलावलं नाही. मी विषय काढीन म्हटलं होतं, काढला नाही. तोही एकदा तोंडावर भांडला असता तर! पण कारंजाला पाट्या रंगवायला निघून जायचा, परत आला की बिडी पुढं करायचा. त्या बिडीचा मला अजून राग येतो.

परवा त्याच्या घरी गेलो. खोलीत टर्पेंटाइनचा वास तसाच होता. भिंतीला एक पाटी टेकलेली, तिच्यावर 'किराणा दुका' एवढीच अक्षरं. त्याच्या बायकोनं, शांतावहिनीनं, पाणी दिलं. मी विचारलं, "वहिनी, तो शेवटचा प्रवेश काय होता? मी तो पाह्यलाच नाही."

ती उंबऱ्यावर बसली. "तो काई दोन तऱ्हेचा नव्हता, भाऊजी. कोनीबी जिंको, एकच. जिंकनाऱ्याच्या हाती बादली, हारनाऱ्याच्या हाती दोर."

"मंग?"

"मंग काय... तहान तं दोघायलेबी लागेल होती."