थोडासा आता द्या

लकडगंजातून बाबांच्या सागवानी पेट्या बोटीने जर्मनीला जायच्या. पैसे यायला तीन महिने लागत, म्हणून बँक बिल वटवून बरीचशी रक्कम आधीच द्यायची, उरलेली गिऱ्हाइकाने भरल्यावर.

दादाही तिकडेच नोकरीला गेलेला. वर्षाकाठी दोन पत्रं, तीही हवापाण्याची! एकदा बँकेतले बाबू पेट्या पाहायला आले, तेव्हा चहा देता देता आई म्हणाली, "भाऊ, माह्या पोराचंही बिल वटवून द्या ना. पुरा येईन तेव्हा येईन, थोडासा आता द्या."

बाबू हसले. आई हसली नाही.

आई गेल्यावर दुसऱ्या वर्षी दादा पुरा आला, सामानसुमानासकट. दार मीच उघडलं. म्हटलं, "दादा, मुदत टळून गेली."