आईच्या घरचा कडू घास

आई गेली त्या दिवशी माझा देवाशी अबोला होता. तिच्या सगळ्या आजारपणात मी माहूरच्या रेणुकेला एकच मागणं घातलं होतं आणि ते ऐकलं गेलं नव्हतं. स्मशानातून परतलेली माणसं कडुनिंबाचा पाला चावून आपापल्या घरी गेली. आदिलाबादजवळच्या तलमडुगू गावातल्या आमच्या घरात मी आणि बाबा, दोघंच उरलो.

आमच्याकडे मरण झालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचे पिठलं-भाकरी आणून घरच्यांना बळेच खाऊ घालतात. त्याला कडू घास म्हणतात. आमच्या गल्लीत हे काम कित्येक वर्षं आईचं होतं. भाकरी कुणी थापायच्या, पिठलं कुणी करायचं, हे ती दारोदार जाऊन ठरवायची. पहिला घास मात्र स्वतः मोडून समोरच्याच्या हातात ठेवायची. घर मराठी की तेलुगू, कुठल्या जातीचं, हे तिने कधी पाहिलं नाही.

आणि तिच्याच घरी त्या संध्याकाळी कुणी आलं नाही.

बाबांना साखरेचा आजार. सकाळची गोळी पोटात गेली होती, अन्नाचा कण नव्हता. त्यांचे हात थरथरू लागले, कपाळावर घाम आला. मी साखरपाणी पुढे केलं. त्यांनी पेला बाजूला सारला.

"घरातलं नाई पायजे. बाहेरून घास येईल."

"बाबा, कुणी आलं नाही अजून."

"तिनं साऱ्या गावाले नेला. तिच्या घरी येणार नाई काय? थांब जरासक."

मग मला कळलं की ते हट्ट करत नव्हते. घरातलं काही खाल्लं असतं, तर आईची आठवण कुणालाच राहिली नाही हे मान्य केल्यासारखं झालं असतं. मी आत जाऊन देवीच्या तसबिरीपुढे उभी राहिले. मागायला शब्दच नव्हते. "मला काही सुचत नाही, तूच पाहा," एवढंच म्हटलं.

बाहेरून हाक आली, "मावशी हायत काय घरी?"

दारात एक अनोळखी बाई होती. आई गेली त्या जागी पिठावर ठेवलेला दिवा तिला दिसला आणि ती उंबऱ्यातच खाली बसली. ती भैंसा गावची. बऱ्याच वर्षांपूर्वी आदिलाबादच्या एका दवाखान्यात तिचा नवरा वारला, तेव्हा लहानग्या लेकीला घेऊन ती व्हरांड्यात एकटी बसली होती. कुणाला तरी भेटायला गेलेल्या आईने कुठून तरी भाकरी आणून त्या दोघींना भरवलं होतं. आता त्याच लेकीचं लग्न ठरलं होतं. पहिली पत्रिका माहूरला देवीपुढे ठेवून, दुसरी ती आईला द्यायला, तेव्हा विचारून ठेवलेल्या नावागावावरून घर शोधत आली होती.

तिच्या रडण्याचा आवाज ऐकून शेजारच्या शेवंताकाकू आल्या. "बाई, तुमच्या घरी लगन हाय. सुतकाच्या घरात काऊन येता?"

"माह्या सुतकात ही माउली जवळ येऊन बसली, तवा तिनं पाह्यलं होतं काय?" असं म्हणत तिने पिशवीतून डबा काढला. माहूरला प्रसाद मिळाल्यामुळे वाटेसाठी घेतलेली भाकर आणि झुणका तसाच राहिला होता. तिने घास मोडला आणि बाबांच्या हातात ठेवला. "घ्या दादा. तुमच्याच घरचं वापस आणून राह्यली."

बाबांनी घास खाल्ला. डोळे पुसत मला म्हणाले, "पाह्य, आला ना?"

शेवंताकाकू डब्याकडे पाहतच राहिल्या. "म्हंजे कोणीच नाई आणलं? मले वाटलं, मागच्या घरी करून राह्यले."

तोवर आलेल्या मागच्या घरच्या वहिनी दारातूनच म्हणाल्या, "अन् आमाले वाटलं, तुमी."

काकूंनी कपाळावर हात मारला. "सांगणारीच गेली न वं, माय!"

"जनमभर तिच्याच डोक्यानं चालले तुमी," बाबा भरल्या तोंडाने म्हणाले. त्या घरात, त्या दिवशी, आम्ही सगळे हसलो आणि हसता हसता रडलो. मग पाठोपाठ भाकरी येऊ लागल्या. इतक्या, की ठेवायला जागा पुरेना.

तो चमत्कार होता की योगायोग, हे मी ठरवत बसत नाही. मी आईचा जीव मागितला होता, मिळाली ती भाकर. पण मागणं संपलं आणि हात रिकामा झाला, तेव्हाच ती हातावर पडली, एवढं मला ठाऊक आहे. देणाऱ्या घरात वाढल्यामुळे घ्यायचं कसं, हे मला येत नव्हतं. देवीने ते त्या संध्याकाळी शिकवलं. तिच्याशी माझा अबोलाही तेव्हाच संपला.

आता गल्लीत कुणी गेलं की बायका एकमेकींना विचारून चूल पेटवतात. मीही डबा घेऊन जाते, कधी कधी अगदी अनोळखी घरी. आतून कुणीतरी विचारतं, "कोणाची वं तू?" तेव्हा माझं शिक्षण, माझी नोकरी काही आठवत नाही. मी आईचं नाव सांगते. घरातली माणसं सरकून मला बसायला जागा करतात.