हवेच्या टाकीवरचं बूच

ती घटना मी विसरलेलो नाही. विसरता आली असती तर बरं झालं असतं, असं मात्र कैकदा वाटतं. नोकरीत खुनाच्या केसेस केल्या, दरोड्याच्या केल्या, त्यातल्या कित्येकांचे आता चेहरेही आठवत नाहीत. पण कुकटपल्लीकडच्या एका शेडमधली ती हवेची टाकी काही डोक्यातून जात नाही. त्या केसमध्ये मत्सराने जळणारी माणसं दोन होती. एक आरोपी आणि दुसरा मी, तपास अधिकारी.

तेव्हा मी तिथल्या ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. निवृत्तीला दोन-अडीच वर्षं उरली होती. आमचं घराणं मूळचं उदगीरकडचं, शेतकरी. आजोबा हैदराबादला आले ते इथलेच झाले. घरात मराठी, गल्लीत दखनी आणि ठाण्यात तेलुगू, असाच माझा जन्म गेला. त्याच सुमारास माझ्या हाताखाली एक नवी सब-इन्स्पेक्टर आली. वरंगलकडची, पंचविशी ओलांडलेली, बाप नळजोडणीची कामं करणारा. पोरगी हुशार. इतकी हुशार, की महिनाभरात डीसीपी साहेब मला फोनवर विचारू लागले, "त्या मॅडमचं काय म्हणणं आहे?" माझं म्हणणं काय, हे तीस वर्षांत कुणी असं विचारलं नव्हतं. खरं सांगायला आता लाज कसली, माझ्या पोटात दुखायचं. ती सकाळी हजेरीला पाच मिनिटं लवकर आली तरी मला राग यायचा.

एका शुक्रवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास फोन आला. औद्योगिक वसाहतीच्या मागच्या गल्लीत एका शेडमध्ये स्फोट झालाय, एक जण जखमी आहे. आम्ही पोचलो तेव्हा जखमीला दवाखान्यात हलवलं होतं. शेड एका पस्तिशीच्या फिटरची होती. त्याला मी इथे धाकटा म्हणतो. लोखंडी खिडक्या, दारं, गाड्यांचे भाग स्प्रेने रंगवून देणं हा त्याचा धंदा. त्याने भंगारातून गॅसचा एक जुना मोठा सिलिंडर आणला होता आणि त्याचीच कंप्रेसरसाठी हवेची टाकी केली होती. वर दाबाचा काटा, बाजूला हवा घ्यायचा नळ, खाली साचलेलं पाणी काढायची तोटी, आणि मागे भिंतीच्या बाजूला सेफ्टी व्हॉल्व्ह. दाब वाढला की व्हॉल्व्हमधून फुस्स आवाज यायचा आणि हा उठून बटण बंद करायचा. मोटर आपोआप बंद व्हायची सोय नव्हती. गॅसचा सिलिंडर असा वापरायला कायद्याने बंदी आहे, आणि ती का आहे ते त्या दिवशी समोर दिसत होतं. दाब वाढून खालचा वेल्ड केलेला तोटीचा तुकडा उखडला होता. तो जमिनीवर आपटून उसळला आणि समोर स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्याच्या डोळ्याला लागला.

तो म्हातारा म्हणजे धाकट्याचा उस्ताद. उस्तादाचे चेले दोनच. एक हा, आणि दुसरा त्याचा थोरला गुरुभाऊ. थोरल्याची शेड पुढच्याच गल्लीत होती. उस्ताद थकला होता, हात कापायचे म्हणून काम सोडलेलं. रोज दुपारी धाकट्याकडे येऊन बसायचा आणि फुकटचे सल्ले द्यायचा.

धाकट्याचा शर्ट रक्ताने भिजला होता. मला पाहताच त्याने दोन्ही हात पुढे केले.

"मेरी वेल्डिंग धोका दी साब. मेरेकूच अंदर करो."

पंचनामा केला, टाकी मुद्देमाल म्हणून जप्त केली, शेडला सील ठोकलं. ठाण्यात जबाब घेताना मी विचारलं, सेफ्टी व्हॉल्व्ह होता का? तो म्हणाला, होता, मागच्या बाजूला. आम्ही टाकी फिरवली, तर तिथे व्हॉल्व्ह नव्हता. एक लोखंडी बूच घट्ट बसवलेलं होतं. धाकटा ते बघून खुळ्यासारखा उभा राहिला. आईची शपथ घेऊन सांगू लागला, की बूच मी लावलेलं नाही. मी तीस वर्षं शपथा ऐकल्या होत्या. व्हॉल्व्ह गळत असेल, म्हणून यानेच बूच ठोकलं आणि आता अंगाशी आलं तेव्हा उलटतोय, असं मी ठरवून टाकलं. उस्ताद जगला तर निष्काळजीपणाने गंभीर इजा, मेला तर त्याहून वाईट. दोन्हीकडून धाकटा आत जाणार होता. त्याची बायको बाहेरच्या बाकावर डबा घेऊन बसून होती.

मुद्देमालाची यादी सब-इन्स्पेक्टर करत होती. यादी घेऊन ती माझ्या टेबलाशी आली.

"सर, बाकी के सब जोड पे टेप है. सिर्फ इस बूच पे धागा और सफेदा है."

"तो क्या हुआ?"

"मेरे नान्ना भी धागा लगाते सर. टेप वाला धागा नहीं लगाता, और धागे वाला टेप कू हात नहीं लगाता. ये दूसरा आदमी है."

नान्ना म्हणजे तिचा बाप. नळाच्या आट्यांवर सुताचे फेरे द्यायचे आणि वरून सफेदा, म्हणजे पांढरा लेप, फासायचा, ही जुन्या फिटरांची रीत. नवे लोक पांढरी टेप गुंडाळून मोकळे होतात. ती म्हणत होती त्यात तथ्य होतं, हे मला त्याच क्षणी कळलं. आणि कळलं म्हणूनच मी भडकलो. "इथे नळदुरुस्तीचं दुकान काढलंय का?" असं म्हणून तिला एका मोर्चाच्या बंदोबस्तावर धाडलं. ती गेल्यावर खोलीचं दार लावून घेतलं आणि भिंग घेऊन स्वतः ते बूच पाहत बसलो. शहाण्याने हसावं असा प्रकार.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी चहा विकणारा माणूस ठाण्याच्या फाटकाशी घुटमळताना दिसला. असा माणूस आत बोलावला तर काही बोलत नाही. मी बाहेर जाऊन त्याच्याच सायकलीला टेकून उभा राहिलो.

"साब, मेरा नाम नक्को आने देव."

"नाही येणार. बोल."

त्याने सांगितलं ते असं. शुक्रवारी एकच्या सुमारास धाकटा उस्तादाला स्कूटरवर घेऊन मशिदीत सोडायला गेला. शटर अर्धं ओढलेलं होतं, त्या गल्लीत कुणी कुलूप लावत नाही. तेवढ्यात थोरला आत गेला आणि पाव तासाने पाइपपाना घेऊन बाहेर आला. चहावाल्याने सहज विचारलं, तर म्हणाला, पाना मागायला आलो होतो.

"उनके पास खुद के तीन पाने हैं साब. और साल भर से उधर चाय तक नहीं पिये."

जे घरात आहे तेच शेजाऱ्याकडे मागायला जाणारा माणूस दुसऱ्याच कामाला गेलेला असतो, हे माझं जुनं निरीक्षण. मी विचारलं, या दोघांचं बिनसलं कशावरून? चहावाला म्हणाला, बिनसलं नाही. ही टाकी तयार झाली तेव्हा सगळी गल्ली बघायला जमली होती. उस्तादाने वेल्डिंगवरून हात फिरवला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हाथ चूमने का काम करा रे तू." थोरला तिथेच उभा होता.

"उस दिन से बडे वाले चाय आधी छोड देरे."

दुपारी दवाखान्यात गेलो. बरोबर सब-इन्स्पेक्टरला न्यावंच लागलं, जबाब लिहायला दुसरं कुणी मोकळं नव्हतं. उस्तादाचा एक डोळा बांधलेला होता. तो डोळा पुढे वाचला नाही. पंचांसमोर काढलेलं बूच पारदर्शक पिशवीत सील केलेलं होतं. ते मी त्याच्या दुसऱ्या डोळ्यासमोर धरलं. त्याने पिशवी खिडकीच्या उजेडात फिरवली.

"ये मेरा सिखाया हुआ धागा है," तो म्हणाला. "आखरी सिरा नीचे दबाके छुपाया, देखो. छोटा तो टेप लगाता. कितना भी बोलो, टेपच लगाता."

म्हणजे नाव न घेता नाव सांगून झालं. मला हवं ते मिळालं होतं, मी उठायला लागलो. म्हातारा अजून पिशवी फिरवतच होता.

"क्या सफाई है. एक तार बाहर नहीं. ऐसा तो मैं भी नहीं बांधा कभी."

मी दाराशी पोचलो होतो. सब-इन्स्पेक्टर मात्र खुर्चीतच होती. तिने विचारलं, "उनकू कभी बोले क्या ये, उस्ताद?"

"बोलना क्या है बेटी? अच्छा काम तो दिखताइच है."

हे बोलल्यावर त्याचा चेहरा पडला. उरलेल्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. तो प्रश्न मला का सुचला नाही, याचाच मला राग आला. तोही मी तिच्यावरच काढला. परतताना जीपमध्ये तिला मागे बसवलं.

थोरल्याला ठाण्यात बोलावलं. चाळिशी उलटलेला, स्वच्छ कपडे, नखांत काळं नाही. चहा दिला, तोही अर्धाच प्यायला. पाना मागायला गेलो होतो, यावर तो तासभर घट्ट राहिला. आवाज चढवला, धाक दाखवला, काही उपयोग झाला नाही. निर्ढावलेला गुन्हेगारही घाम पुसतो, हा तर कपाळालाही हात लावत नव्हता. शेवटी मी बूच टेबलावर ठेवलं आणि आवाज खाली आणला.

"उस्तादाने हे पाहिलं. म्हणाले, क्या सफाई है. एक तार बाहर नहीं. ऐसा तो मैं भी नहीं बांधा कभी."

त्याने मान वर केली.

"ये बोले? उस्ताद?"

"हो."

"मेरेकू बोले?"

"तुलाच."

"फिर से बोलो साब."

मी पुन्हा बोललो. तो टेबलावर डोकं ठेवून रडायला लागला. कबुलीजबाब मी पुष्कळ घेतले. पण गुन्ह्याच्या ओझ्याने नव्हे, शाबासकीची वाट बघून बघून मोडलेला माणूस मी तेवढाच पाहिला. वीस वर्षं त्याने उस्तादाचं काम केलं होतं. उस्तादाच्या बायकोच्या आजारपणात दवाखान्याच्या खेपा केल्या होत्या. उस्तादाने त्याला कधी 'ठीक आहे' यापलीकडे काही म्हटलं नव्हतं. आणि काल आलेल्या, टेप गुंडाळणाऱ्या धाकट्याचे हात चुंबायचे! त्याला कुणाला मारायचं नव्हतं. दाब वाढून धाकट्याचा जोड उस्तादासमोर फुसफुसावा, एवढंच हवं होतं. तुकडा सुटेल आणि तो उस्तादालाच लागेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

आता बघा, बूच त्याने नुसतं आवळून ठेवलं असतं तर आट्यांतून हवा गळली असती, दाब वाढलाच नसता. पण घरून निघतानाच त्याने बुचाला धागा बांधला, सफेदा लावला. कच्चा जोड त्याच्या हातून होतच नव्हता. काढलेला व्हॉल्व्हही त्याला फेकवला नाही. पंचांसमोर त्याने स्वतःच्या कपाटातून तो काढून दिला, तेल लावून फडक्यात गुंडाळलेला.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. व्हॉल्व्ह, बूच, उस्तादाचा आणि पंचांचा जबाब, यांवर केस उभी राहिली आणि टिकली. थोरल्याला शिक्षा झाली. धाकट्यावर बेकायदा सिलिंडर वापरल्याचा वेगळा गुन्हा होता, तो त्याने कबूल केला. मोठ्या गुन्ह्यातून त्याचं नाव वगळलं गेलं. शेडचं सील काढायला मी स्वतः गेलो, तेव्हा त्याची बायको माझ्या पाया पडली. खरं म्हणजे ते पाय सब-इन्स्पेक्टरचे असायला हवे होते, पण ते मी तिला सांगितलं नाही.

सांगितलं कुणालाच नाही. केस डायरीत लिहिलं, 'तपासात असे निदर्शनास आले की बुचास धागा व सफेदा लावलेला आहे.' कुणाच्या निदर्शनास आलं, हे लिहिलं नाही. डीसीपी साहेबांनी फोन करून विचारलं, "हे धाग्याचं कुणाला सुचलं?" मी म्हणालो, "सर, इतक्या वर्षांचा अनुभव." प्रशस्तिपत्र माझ्या नावाने आलं. ठाण्यात पेढे वाटले. तिनेही पेढा घेतला आणि "कंग्रॅच्युलेशन्स सर" म्हणाली. थोरल्याने वीस वर्षं कळ सोसली आणि मग एका दुपारी वाकडं पाऊल टाकलं. मी तर पहिल्या काही महिन्यांतच पोरीचं काम गिळून बसलो. त्याला गजाआड केलं आणि मला शाल मिळाली.

आता निवृत्त होऊन काही वर्षं झाली. लोक विचारतात, पोलिसात राहून काय शिकलात? मी सांगतो, माणूस पैशासाठी, बाईसाठी, जमिनीसाठी गुन्हा करतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. कौतुकाच्या एका वाक्यासाठीही करतो, हे फारसं कुणी हिशेबात धरत नाही. वाक्य द्यायला काही लागत नाही, तरी आपण मुठीत धरून ठेवतो. उस्तादाने निदान अजाणतेपणी धरलं होतं. मी जाणूनबुजून धरलं.

हे इथवर लिहिलं आणि जरा बरं वाटलं, कबूल केलं म्हणून. मग ध्यानात आलं, की मी हे मराठीत लिहितोय आणि तिला मराठीचं एक अक्षर वाचता येत नाही. जिची शाबासकी अडवली, तिला कळणार नाही अशा ठिकाणी ती देऊन मी मोकळा होऊ पाहत होतो. माझीच मला लाज वाटली.

लिखाण तसंच ठेवून फोन लावला. ती आता स्वतः इन्स्पेक्टर आहे. तब्येतीचं बोललो, गुडघ्यांचं बोललो, उकाड्याचं बोललो. मग एकदाचं, इथे लेकीला मारतात तशी हाक मारून म्हणालो, "वो सफेदे वाला धागा तुम देखे थे अम्मा. मैं नहीं देखा था."

पलीकडे तिने कुणाला तरी बाहेर थांबायला सांगितलं.

"वो मेरेकू मालूम था सर," ती म्हणाली. "आपकू मालूम है कि नहीं, वोइच मालूम नहीं था."