बादलीतलं हिरवं पाणी

शहागंजातल्या नूरमोहम्मद रेडिएटरवाल्याला गाडीचं पाणी चाखायची खोड होती. बहात्तरच्या दुष्काळात उस्तादाकडून तो हे शिकला. पाणी काढलं की आधी बोट बुडवायचं, जिभेला लावायचं आणि मग निकाल द्यायचा, "साहेब, हे बोअरचं. जाळी चोंदणारच." शहर चहूकडं पसरलं, विहिरी बुजल्या, बोअर खोल खोल गेले आणि पाणी जड होत गेलं. सिडकोचं कुठलं आणि गारखेड्याचं कुठलं, हे तो डोळे मिटून सांगायचा. लोक हसायचे. हसोत बापडे! रेडिएटर मात्र त्याच्याकडंच आणायचे.

पुंडलिकनगरात यमुनाबाईंकडं त्यांच्या दिवंगत यजमानांची, व्यंकटरावांची, बावन्न सालची विलायती मोटार होती. दर उन्हाळ्यात नूरमोहम्मद घरी येऊन तिचा पितळी रेडिएटर धुवायचा. निघालेलं पाणी फेकायचं नाही, हा दंडक त्यानंच घालून दिलेला. "वहिनी, पाणी फेकणं म्हणजे गुनाह. निवळू द्या, झाडाला घाला, जनावराला ठेवा." साधं बोअरचंच पाणी ते. कधी कुणाला काही झालं नव्हतं.

दोन हजार तेराचा उन्हाळा तर टँकरची वाट बघण्यातच चालला होता. नूरमोहम्मदनं रेडिएटरचा खालचा नळ सोडला. पाणी हिरवट आलं. जुन्या तांब्या-पितळेतून अशी झाक दरसाल यायची, त्याचं त्याला काही वाटलं नाही. पाइप सोडवायच्या नादात चाखायचंही राहिलं. यमुनाबाईंनी पहिली बादली नेहमीसारखी फाटकाजवळच्या घमेल्यात, त्यांच्या मोती कुत्र्यापुढं ओतली.

दुसऱ्या बादलीत त्यानं बोट बुडवलं. जिभेला लावलं आणि तो जागच्या जागी थिजला. साखर विरघळवल्यासारखी चव! चाळीस वर्षांत खारट लागलं, तुरट लागलं, गंजकट लागलं. असं कधीच नाही.

"देवेशबाबा!" त्यानं यमुनाबाईंच्या मुलाला हाक मारली. "ह्यात काय टाकलंय?"

"कूलंट. दिवाळीत पुण्याहून आणलं होतं, गाडी तापू नये म्हणून. का हो, काका?"

नव्या गाड्यांचं कूलंट नूरमोहम्मदला ठाऊक होतं. गोड लागतं म्हणून जनावरं चाटतात आणि मरतात, हे ऐकून त्याचा थेंब तो उघड्यावर सांडू देत नसे. पण या म्हाताऱ्या मोटारीच्या पोटात ते असेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. तो अनवाणी फाटकाकडं धावला आणि लाथ मारून घमेलं उलथं केलं.

"अहो नूरभाई, डोकं फिरलं का? टँकर परवा येणारे!"

"जहर हाय वहिनी, जहर! कोन पिलं?"

घमेलं आधीच निम्मं झालं होतं. मोती सावलीत मिशा चाटत बसला होता.

डॉक्टर झाले, सलाइन झालं. तिसऱ्या दिवशी पहाटे मोती गेला.

त्याच दुपारी नूरमोहम्मद फाटकाशी येऊन उभा राहिला. आत यायचा धीर होईना. बारा वर्षं या बाईंच्या पायांत घुटमळणारं जनावर आपल्या सांगण्यापायी मेलं, आता त्या काय बोलतील ते मुकाट ऐकायचं, असं ठरवून आला होता.

"मी मारलं त्याला, वहिनी."

यमुनाबाईंचे डोळे सुजले होते. त्या पुढं आल्या आणि त्यांनी त्याचा चेहरा नीट निरखला.

"तुम्ही जिभेला लावलं होतंत ना ते? दवाखान्यात दाखवलंत का? तीन दिवस जीव टांगणीला लागलाय माझा."

हे त्याच्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. फाटकाला धरून तो खाली बसला आणि पोरासारखा रडू लागला.